यादीतलं शेवटचं नाव

माणूस किती लहान जागेत आयुष्य काढू शकतो हे बघायचं असेल, तर आमच्या काटेकाकांकडे बघावं. सहा फूट लांब, पाच फूट रुंद अशी त्यांची केबिन. एका अंगाला दार, दुसऱ्या अंगाला सरकती काच, आणि समोर तांबडे आकडे दाखवणारा डबा. काचेपलीकडे जमिनीत बसवलेली लांबच लांब लोखंडी प्लेट. हाच तो वजनकाटा. भरलेली गाडी प्लेटवर चढली की डब्यातले आकडे धावायला लागायचे, धावून धावून दमायचे आणि एका जागी थांबायचे. ते थांबले की काका पावती फाडायचे. एकतीस वर्षं हेच.

काट्यावर बसतात म्हणून काटेकाका, आणि त्यांची बायको म्हणून ती काटेकाकू. काकांचं खरं नाव विचारलं तर काकूंनासुद्धा क्षणभर आठवावं लागायचं.

इतकी वर्षं आकडे बघून काकांच्या नजरेलाच काटा फुटला होता. घरी पाहुणा आला की काकू पाणी घेऊन बाहेर येईपर्यंत काकांनी त्याला मनातल्या मनात तोललेलं असायचं.

"चौऱ्याहत्तर," ते पुटपुटायचे.

"अहो, माणूस आहे तो. सिमेंटचं पोतं नाही," काकू दबक्या आवाजात दटावायच्या.

पण पाहुण्याला बळेच काट्यावर नेलं असतं, तर आकडा किलोभर इकडंतिकडं निघाला असता, जास्त नाही. या गोष्टीचा काकांना अभिमान होता. गरिबाला अभिमान परवडत नाही असं म्हणतात, पण तो असतो, आणि चांगला मूठभर असतो.

आता त्यांच्या मनातली गोष्ट सांगतो, म्हणजे पुढचं सगळं कळेल. केबिनच्या काचेतून काकांना गाड्यांची चाकं दिसायची, दार दिसायचं, दारातून बाहेर आलेलं ड्रायव्हरचं कोपर दिसायचं. गाडी प्लेटवरून उतरली की वीस पावलांवर गोदामाची उंच भिंत होती. रस्ता त्या भिंतीआड वळायचा. तो सरळ राजधानीला जातो असं सगळे म्हणायचे. एकतीस वर्षं जी गाडी आली ती त्या भिंतीआड गेली. काका दोनदा राजधानीला जाऊन आले होते, पण रेल्वेनं, आणि रेल्वे रस्त्याकडे पाठ करून धावते. तेव्हा तो रस्ता भिंतीपलीकडे कसा आहे, सरळ की वाकडा, कुठं रुंदावतो, कुठं नदी ओलांडतो, हे काकांना ठाऊक नव्हतं. त्यांची धाकटी मुलगी आठ वर्षांची असताना डबा घेऊन केबिनमध्ये यायची. तेव्हा एकदा ते तिला म्हणाले होते, "वरून बघितलं तर हा रस्ता कसा दिसत असेल गं?"

काका हे बोलून विसरले. पोरगी विसरली नाही. मोठी झाली, राजधानीतल्या दवाखान्यात नर्स झाली, आणि एक दिवस तिचा फोन आला.

"बाबा, इथं बलूनमधून वर नेतात. शहराच्या कडेला मैदान आहे, तिथून उडतं. तुमचा रस्ता तिथूनच जातो. मी जागा ठरवल्यात. आता नाही म्हणायचं नाही."

काकूंना उंचीची भीती. त्या नाही म्हणतील हे ओळखून धाकटीनं आधी आईचं नाव घातलं, मग बाबांचं. यादीत बाबा सगळ्यात शेवटी आले. तेव्हा त्याचं कुणालाच काही वाटलं नाही.

चार दिवसांची रजा मिळाली. काट्यावर मालकाचा मेहुणा बसणार होता. चांगला चाळिशीचा गडी, पण बूड टेकलं की डुलकी लागणारा. काकांनी त्याला दोन दिवस शिकवलं. सकाळी प्लेट झाडायची. खडे, माती, काही राहू द्यायचं नाही. प्लेट रिकामी असताना डब्यात शून्य आलं पाहिजे. शून्य खरं, तर दिवसभराची वजनं खरी. ड्रायव्हर गाडीतून उतरल्याशिवाय आकडा धरायचा नाही. मेहुणा मान हलवत होता. पेंगणारा माणूसही तशीच मान हलवतो.

राजधानी बघण्यात पहिला दिवस गेला. खरं तर राजधानीनंच काकांना बघितलं, असं म्हणायला हवं. सहलीच्या बसला काचा होत्या, पण उघडणाऱ्या नव्हत्या. पुढं उभी असलेली बाई हातातली छोटी झेंडी हलवत ओरडायची, "उतरा! वीस मिनिटं! वीस मिनिटांनी बस निघणार!" मोठी इमारत, वीस मिनिटं. मोठा चौक, वीस मिनिटं. संग्रहालयात एका कपाटात जुनी दगडी वजनं मांडली होती. काका तिथं थबकले. काचेवर नाक टेकवून त्यांनी पहारेकऱ्याला विचारलं, "ही खरी भरतात का हो अजून?"

पहारेकरी म्हणाला, "आजोबा, ती बघायची असतात."

"वजन नुसतं बघून काय करायचं?" काका म्हणाले. तेवढ्यात झेंडी हलली.

राहायला एक लॉज होतं. खोलीत दोन खाटा, एक खुर्ची, आणि खिडकी उघडली की हातभर अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत. काकांनी खिडकी उघडली, भिंतीकडे बघितलं आणि खिडकी लावून घेतली.

"सवयीची आहे की नाही जागा?" काकू म्हणाल्या. "फक्त पावती फाडायची राहिली."

काकांचा जीव खोलीत नव्हताच. दर दोन तासांनी ते मेहुण्याला फोन लावत होते.

"शून्य लावलंस का?"

"लावलं, काका."

"प्लेट झाडलीस?"

"काका, तुम्ही बलूनमध्ये बसायला गेलात की माझ्या बोकांडी?"

दुसऱ्या दिवशी पहाटे मैदानावर गेले तर वारा होता. बलून उडवणारी बाई पन्नाशीची, आखूड केसांची, उन्हानं रापलेली. तिनं एक लहानसा फुगा हवेत सोडला. तो तिरका पळत सुटला. "आज नाही," ती म्हणाली. काका अर्धा तास तिथंच उभे राहिले. वारा ऐकत नाही, मालक ऐकत नाही आणि वीस मिनिटांची बस थांबत नाही. माणसाला अडकवायला भिंतीच लागतात असं थोडंच आहे?

तिसरा दिवस शेवटचा. दुपारी तीनची गाडी. पहाटे पुन्हा मैदान. या खेपेला सोडलेला फुगा सरळ वर गेला, दिव्याच्या ज्योतीसारखा. हवा मात्र उबदार होती. मैदानावर भलंमोठं कापड पसरलेलं, मोठ्या पंख्यानं ते हळूहळू फुगत होतं. जमिनीवर पडलेला डोंगर कुशी बदलतोय असं वाटत होतं. मग बाईंनी आगीचा भपका सोडला, आणि तो डोंगर उठून उभा राहिला. काकू काकांच्या दंडाला घट्ट धरून होत्या. काकांना तो दंड आपला आहे हेही जाणवत नव्हतं. वेताची टोपली कमरेपेक्षा उंच, आणि तिच्यात चढायला पायऱ्यांसारखी भोकं. सगळे आठही जण आत चढले. काकासुद्धा चढले. त्यांनी टोपलीच्या कडेवर हात ठेवला. एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या समोर काच नव्हती.

बाई वही उघडून वजनं वाचू लागल्या. प्रत्येकानं जागा ठरवताना फोनवर आपलं वजन सांगितलेलं होतं. "सत्तर. बासष्ट. पंचावन्न. साठ..." त्या वाचत होत्या, बेरीज करत होत्या.

काकांनी टोपलीतल्या माणसांवर नजर फिरवली. सत्तर? मनगटावर मोठं घड्याळ बांधलेले समोरचे ते गृहस्थ सत्तर? ते एकटे शहाण्णव होते. त्यांची बायको बासष्ट म्हणे, ती अठ्ठ्याहत्तर. कोपऱ्यातल्या दोघी बहिणी, एकीनं आठ लपवलेले, दुसरीनं नऊ. आणि ही आपली काकू? "साठ" म्हणून वाचलं ती अडुसष्ट होती. काकांनी डोळे मिटून एक सरळ बेरीज केली. वहीतल्यापेक्षा जवळजवळ सत्तर किलो जास्त.

काकूंनी त्यांचा चेहरा ओळखला. एकतीस वर्षांचा संसार होता तो.

"गप्प बसा," त्या कानात म्हणाल्या. "इथं तुमचा काटा नाही."

"अगं, पण..."

"नाही. सांगते ना, नाही. एक दिवस. एकच दिवस डोळे मिटा."

काकांनी खरंच डोळे मिटले. पण मिटल्या डोळ्यांपुढं तांबडे आकडे धावायला लागले, आणि ते काही केल्या थांबेनात.

"बाई," ते शेवटी म्हणाले, "ही वजनं खोटी आहेत."

मोठ्या घड्याळाचे गृहस्थ वळले. "म्हणजे काय हो? आम्ही खोटं बोललो?"

"तुम्ही शहाण्णव आहात," काका नम्रपणे म्हणाले.

"अहो, काहीतरी लाज!" गृहस्थांची बायको तडकली.

"आणि तुम्ही अठ्ठ्याहत्तर, ताई. मी कुणाला नावं ठेवत नाही. पण टोपली आपली सगळ्यांची आहे."

बाईंनी काकांकडे नीट बघितलं. त्या हसल्या नाहीत. "तुम्ही काय करता?"

"वजनकाट्यावर असतो."

त्यांनी बलूनचं सामान आणणाऱ्या व्हॅनच्या ड्रायव्हरला हाक मारली. गॅसच्या टाक्या तोलायचा छोटा काटा व्हॅनमध्ये होता. तो आणला गेला, आणि काकांनी आधी त्याचं शून्य बघितलं. मग एकेकजण कुरकुरत खाली उतरून त्यावर उभा राहिला. शहाण्णव. सत्त्याहत्तर. काकू अडुसष्ट. काकूंनी काट्यावरून उतरताना काकांकडे असं बघितलं की तिथंच बलून फुटावं.

"हवा उबदार आहे आज," बाई म्हणाल्या. "अशा दिवशी बलून कमी वजन उचलतं. एकाला थांबावं लागेल." त्या जरा घुटमळल्या. "आमचा नियम असा की ज्यानं शेवटी नाव घातलं तो थांबतो."

त्यांनी वहीत बघितलं, मग वर बघितलं. शेवटचं नाव कुणाचं ते सांगायची गरज उरली नव्हती.

"मी थांबते," काकू पटकन म्हणाल्या. "मला कुठं जायचंय? तुम्ही जा. तुमच्यासाठीच तर आलो एवढं."

धाकटी मैदानाच्या कडेला उभी होती. तिनंही ओरडून सांगितलं, "बाबा, आईला थांबू द्या!"

काका वर जाऊ शकले असते, थांबूही शकले असते. कुणी हात धरला नव्हता. मोठ्या घड्याळाचे गृहस्थसुद्धा ओशाळून म्हणाले, "जाऊ द्या हो त्यांना." पण काकांच्या डोक्यात एकच गोष्ट पक्की होती. शेवटचं नाव आपलं आहे. मागं लागलेल्या गाडीला आधी काट्यावर घ्यायचं नसतं. एकतीस वर्षं त्यांनी कुणालाच घेतलं नव्हतं, मालकाच्या भावालासुद्धा नाही.

"नियम म्हणजे नियम," ते म्हणाले.

"तुमचा नियम घाला चुलीत!" काकू म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं.

पण तोवर सातही जण पुन्हा आत चढले होते, काका खाली होते, बाईंनी आगीचा भपका सोडला होता. टोपली एकदा थरथरली. गवत आणि टोपली यांच्यात बोटभर जागा झाली, मग वीतभर, मग माणूसभर. काकू टोपलीची कड धरून खाली बघत होत्या. त्यांचं तोंड उघडं होतं, पण आवाज येत नव्हता. मग त्यांचा चेहरा एका बटणाएवढा झाला, आणि मग ते कुणाचं तोंड ते ओळखता येईना.

"चला काका," व्हॅनचा ड्रायव्हर म्हणाला. "ते उतरेल तिथं आपल्याला पोचायचंय."

पुढच्या दोन सीटवर ड्रायव्हर आणि वायरलेस धरलेला माणूस. धाकटीची कामाची वेळ झाली होती. ती स्टेशनवर येते म्हणून दवाखान्याकडे गेली. काका मागं बसले, बलूनच्या रिकाम्या पिशवीवर. मागच्या भागाला खिडकी नव्हती. पत्र्याच्या त्या खोलीत दोरखंडांचा वास होता. गाडी धावली, वळली, आदळली, थांबली, पुन्हा धावली. आपण रस्त्यावर आहोत एवढं काकांना कळत होतं. कोणत्या, ते कळत नव्हतं.

"काळजी करू नका," ड्रायव्हर पुढून ओरडला. "आमच्या बाईंनी आजवर कुणाला वर ठेवलेलं नाही!"

काका हसले नाहीत. त्यांनी खिशातून फोन काढला, मेहुण्याचा नंबर बघितला, आणि पहिल्यांदाच लावला नाही.

तासाभरानं व्हॅन थांबली. दार उघडलं तर कापणी झालेलं शेत. बलून आडवं होत होतं, टोपली कलली होती, आणि माणसं एकमेकांवर पडत, हसत बाहेर येत होती. मोठ्या घड्याळाच्या गृहस्थांनी काकूंना हात देऊन बाहेर काढलं. काकूंच्या एका पायात चप्पल नव्हती. केस सुटले होते. त्या इतक्या तरुण दिसत होत्या की काकांना परक्या बाईकडे बघतोय असं वाटून नजर खाली घालावीशी वाटली.

"अहो," काकू धापा टाकत म्हणाल्या, "काय सांगू तुम्हांला! छपरं हो, नुसती छपरं. आणि छपरांवर माणसं. एक बाई पलंग उन्हात टाकत होती, तिनं मला हात केला! मला! आणि इतकं शांत, की खाली कुत्रं भुंकलेलं ऐकू येतं. माझी भीती कुठं गेली कळलंच नाही."

"आणि रस्ता?" काकांनी विचारलं.

काकूंचा हात तोंडाशी गेला. "अगंबाई," त्या म्हणाल्या. "तो बघायचा राहिलाच."

काकांनी वाकून चप्पल शोधायला सुरुवात केली.

बलूनवाल्या बाई कापड गुंडाळत होत्या, तशाच जवळ आल्या. "उद्या सकाळी या," त्या काकांना म्हणाल्या. "एक जागा तुमची. तुम्ही आज बोलला नसता तर मी जड टोपली घेऊन उडाले असते."

काकू लगेच म्हणाल्या, "राहू या. तिकीट बदलू. एका दिवसानं काय बिघडतंय?"

आता सांगतो, काकांना राहायचं होतं. त्यांनी फोन लावला तो रजा वाढवायलाच.

"राहा की काका," मेहुणा जांभई देत म्हणाला. "इथं सगळं ठीक आहे."

"शून्य?"

"चाळीस दाखवतोय सकाळपासून. चालायचंच. एवढ्या मोठ्या गाडीत चाळीस किलो म्हणजे काय?"

काकांनी फोन कानापासून दूर धरला. सकाळपासून किती गाड्या गेल्या असतील? प्रत्येकीच्या पावतीवर चाळीस किलोंचं खोटं. प्रत्येक पावतीवर काट्याचं नाव. आणि त्या सगळ्या त्या भिंतीआड निघून गेल्या, आता परत बोलावता यायच्या नाहीत.

"मालकाला सांगा की," काकू म्हणाल्या.

"मालक मेहुण्याचंच ऐकणार."

"मग होऊ द्या चाळीसचे साठ! आपण काय काटा डोक्यावर घेऊन जन्मलो?"

काकांनी बायकोकडे बघितलं. तिचं म्हणणं खरं होतं, हे त्यांना कळत होतं. काय करावं ते कळूनही पाय वळत नाहीत, अशी माणसं असतात. दार उघडं असतं आणि ती आतून कडी शोधत बसतात.

तीनच्या गाडीला धाकटी स्टेशनवर आली. काकांनी एक पिशवी वर ठेवली, दुसरी घ्यायला खाली वळले, तर काकूंनी ती हातातून सोडली नाही.

"मी नाही येत," काकू म्हणाल्या.

"म्हणजे?"

"त्या बाईंनी जागा दिलीय. ती वाया घालवायची? तुमच्या जागी मी जाते. दोन दिवस पोरीकडे राहते, मग येते."

"अगं, पण घर?"

"घराला कुलूप आहे. पिठाचा डबा उजवीकडं, दुसरा खण. उकडलेलं खा दोन दिवस, मरत नाही कुणी."

धाकटी आईच्या खांद्यावर हात ठेवून उभी होती. तिला हसू येत होतं आणि वडिलांकडे बघून ते थांबतही होतं. गाडी हलली. काका दारात उभे राहिले. एकतीस वर्षं सगळ्या गाड्या त्यांना मागं ठेवून गेल्या होत्या. आज ते जात होते, आणि मागं राहणारी जास्त मोकळी दिसत होती.

दुसऱ्या दिवशी सहाला काका काट्यावर हजर. त्यांनी प्लेट झाडली. फटींतून दोन घमेली माती निघाली. डब्यात शून्य आलं. तेव्हा कुठं त्यांनी श्वास सोडला. मग गाड्या लागल्या. एक, दोन, सहा, सात.

सव्वासातला फोन वाजला.

"अहो, ऐकू येतंय का? मी वर आहे!" काकू ओरडत होत्या. मागं आगीचा भपका ऐकू आला. "दिसला! तुमचा रस्ता दिसला! ऐका, मी नीट सांगते. तो आपल्याकडून येतो ना, तो सरळ नाही हो. एक टेकडी आहे, तिला वळसा घालतो, मग..."

काचेवर टकटक झाली. प्लेटवर विटांची गाडी उभी होती, मागं आणखी तीन. "काका, पावती! उशीर होतोय!"

फोन कान आणि खांदा यांच्यात अडकवून काकांनी डब्याकडे बघितलं. आकडे धावत होते. ड्रायव्हर गाडीतून उतरलाय का ते बघितलं. आकडे थांबले. त्यांनी लिहिलं, पावती फाडली, काच सरकवून हातात दिली. गाडी उतरली आणि भिंतीआड गेली.

"हां, बोल," काका म्हणाले. "टेकडीनंतर काय म्हणालीस? पुन्हा सांग."

"आता कुठं? तो गेला मागं. आता नुसती शेतं आहेत."

काकांनी बाहेर बघितलं. पुढची गाडी प्लेटवर चढत होती. डब्यात आकडे पुन्हा धावायला लागले होते. त्यांनी हात वर करून ड्रायव्हरला थांब म्हणून खूण केली, आणि खुर्ची डब्याकडे पाठ करून वळवली.

"मग शेतं सांग," ते म्हणाले.